काकांना उठवण्याचा मान

प्रिय तरु,

तुझा फोन आल्यापासून चार दिवस मी उत्तर टाळते आहे. तू एवढंच विचारलंस, "हर्षिदा, खरं सांग, माझी मुलगी कामात बेफिकीर आहे का?" आणि मी सावकाश बोलू म्हणत फोन ठेवला. परेशभाईंनी ऋत्वीला दिलेल्या पत्रात 'लक्ष कमी पडते' असं लिहिलंय, म्हणून अहमदाबादच्या पेढीने तिला नोकरी नाकारली, आणि आता ती शेअरबाजाराचं नावही काढू देत नाही. हे ऐकल्यावर जे बोलायला हवं होतं ते तोंडातून फुटेना. म्हणून लिहिते.

उन्हाळ्याचे दोन महिने तिला आमच्या दलालीच्या ऑफिसात शिकायला घ्या, असं परेशभाईंना मीच म्हटलं होतं. अठरा वर्षांत मालकांकडे मी मागितलेली ती पहिली गोष्ट. आठवड्याभरात ती ग्राहकांचे फोन घ्यायला लागली. एकदा मला म्हणाली, "मासी, व्रजलालकाका चिडायच्या आधी खोकतात. तेव्हा आपण गप्प राहिलं की चिडतच नाहीत." मला अठरा वर्षांत हे कळलं नव्हतं. मी नुसतं "हो का" म्हटलं.

राजकोटची दुपार तू कॉलेजात असताना पाहिली आहेस. एक वाजला की गाव झोपतं, बाजार मात्र साडेतीनपर्यंत चालू असतो. म्हणून आडवं होण्याआधी ग्राहक फोन करतात: अमुक भाव आला तर उठव. व्रजलालकाका निवृत्त हेडमास्तर. ऑर्डर आधी लावून ठेवणं त्यांना मान्य नाही. भाव आला की त्यांना उठवायचं, मग ते ठरवणार. आणि उठवण्याची परवानगी फक्त मला. परेशभाईंनी एकदा उठवलं तर "तुमच्या दुकानाला आग लागलीय का?" असं ऐकून घ्यावं लागलं त्यांना. असल्या गोष्टीला कोणी मान म्हणेल का? मी म्हणत होते. घरी जाताना कधीकधी तेवढंच आठवत असे.

मेअखेरीस काकांचा फोन आला, तो स्पीकरवर होता. म्हणाले, "हर्षिदाबेन, यापुढे त्या पोरीलाच उठवू दे. तू उठवतेस तर कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं." सगळे हसले. मीही हसले, आणि त्या दिवसापासून तिच्या चुका शोधू लागले. सापडल्या नाहीत, तशी जास्तच चिडले. ती डब्यातले थेपले आधी माझ्यापुढे ठेवायची, तेही मला खुपायचं. तुला सांगू? कॉलेजात गुजरातीचे सर तुला नावाने हाक मारायचे आणि मला 'तरुची मैत्रीण' म्हणायचे, तेव्हा हेच व्हायचं. मला वाटलं होतं ते केव्हाच संपलं.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी काकांनी तिला सांगितलं होतं, एका औषध कंपनीचा शेअर चारशे वीसला आला की उठव, विकायचाय. दीड वाजता परेशभाईंनी तिला कागद देऊन बँकेत पाठवलं. जाताना तिने काकांचा भाव लिहिलेली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. "मासी, मी नाही आले तर काकांना उठवाल ना?" मी मान हलवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी भाव आला. मी रिसीव्हर हातात घेतला आणि मनात म्हटलं, काम तिला सांगितलंय, मला नाही. भाव बारा मिनिटं टिकला आणि कोसळला. त्या दिवशीच्या डायरीत मी 'फार गर्दी होती' असं लिहिलं. नंतर पडताळून पाहिलं. त्या बारा मिनिटांत माझ्याकडे दोनच ऑर्डर आल्या होत्या.

चार वाजता काका घरच्या चपलांवर तसेच आले. ऋत्वीला विचारलं, "पोरी, उठवलं का नाहीस?" तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी चिठ्ठीवर हात ठेवून बसले होते. ती म्हणाली, "माझ्या लक्षातून गेलं, काका." परेशभाईंनी ते ऐकलं, आणि महिनाअखेरीस तेच वेगळ्या शब्दांत पत्रात आलं.

आज सकाळी मी परेशभाईंना सगळं सांगितलं. मग त्यांनी नवं पत्र लिहिलं, ते सोबत आहे. जुनं फाडून टाक. अहमदाबादलाही स्वतः फोन करून सांगितलं, आणि त्यांनी सोमवारी तिला भेटायला बोलावलंय. काकांकडे मी जाऊन आले. ते खोकले, मी गप्प राहिले. म्हणाले, "आता कोणीच उठवू नका. मी जागाच बसतो." आज दोन वाजता त्यांनी भाव विचारायला स्वतः फोन केला, आवाज पेंगुळलेला होता. ऋत्वीला सोमवारी जायला लाव, एवढ्यासाठी हे पत्र. आणि एक राहिलं. तुझ्या फोनवरून कळलं की तिने घरीसुद्धा माझं नाव घेतलं नाही, तेव्हा लाज वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, बघा, हेही हिलाच जमतं. तिला हे पत्र वाचायला दे, त्या ओळीसकट.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
हर्षिदा