तुझ्या वतीनं मीच बोलले, दादा

प्रिय दादा,

सोमवारी कॉलेजात फॉर्म द्यायचाय आणि त्यातलं एक पान अजून कोरं आहे. ‘हा अभ्यासक्रम आपण का निवडत आहात?’ एवढाच प्रश्न. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत तू आलास. तोही ‘माझा भाऊ’ म्हणून नाही, थेट ‘अरे दादा’ म्हणून! कॉलेजच्या फॉर्ममध्ये हे कसं चालेल? म्हणून ठरवलं, आधी तुलाच लिहायचं.

तुला जाऊन सात महिने झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी मी बारावीचे पेपर दिले, कसे ते विचारू नकोस. पास झाले. आणि आता मला लहान मुलांची आणि विशेष मुलांची शिक्षिका व्हायचंय. दोन्ही एकत्र शिकवणारी चार वर्षांची पदवी आहे. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळं आखून ठेवलंय. पहिल्या वर्षी मूल कसं वाढतं ते, दुसऱ्या वर्षी भाषा आणि खेळ, तिसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष शाळेत. बाबांनी ते कॅलेंडर बघितलं, चष्मा काढून पुसला आणि फॅक्टरीत निघून गेले. आई मात्र बोलली.

“घरात एवढं बघितलंस ते पुरलं नाही का? रोज उठून तेच बघायचंय तुला?”

मी कॅलेंडर गुंडाळून ठेवून दिलं. तिला वाटलं, मी हट्टाला पेटलेय. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

तुला आठवतं का रे, मी पाच वर्षांची आणि तू नऊ वर्षांचा असताना आपण खालच्या दुकानात जायचो? दुकानदार विचारायचा, “काय पाहिजे ओंकारशेठ?” तुझं उत्तर यायला वेळ लागायचा. आधी तू खालचा ओठ आत घ्यायचास, मग मान जराशी डावीकडे, मग शब्द. तेवढा वेळ कुणाकडे असायचा? मी लगेच सांगून मोकळी. “त्याला खारी पाहिजे.” दुकानदार हसायचा, “ही बघा छोटी ताई!” मला केवढी फुशारकी वाटायची! भाऊ मोठा, पण ताई मी.

पुढं ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. लग्नात, देवळात, क्वार्टर्सच्या सत्यनारायणाला, कुणीही तुला काही विचारलं की माणसं आपोआप माझ्याकडं बघायची. “मुक्ताला दादाचं सगळं कळतं हं, न सांगता!” तोंड भरून कौतुक. आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला! दादाला थंडी वाजतेय. दादाला झोप आलीय. दादाला मस्तानी मँगोचीच लागते.

लागायची का रे? बारा-तेरा वर्षं मी तुला मँगो मस्तानी मागवली. तू ग्लास रिकामा करायचास. पण तू तर समोर येईल ते सगळंच संपवायचास. मला आज खरंच माहीत नाही की तुला मँगो आवडायची की नाही. सख्ख्या बहिणीला!

नंतर नंतर तू ओठसुद्धा आत घ्यायचा थांबलास. प्रश्न आला की तूही माझ्याकडंच बघायला लागलास. मला वाटायचं, केवढा विश्वास आहे माझ्यावर. आता वाटतं, तू दमला होतास. दर वेळी शब्द जमवून आणायचा आणि तोंडाशी येईपर्यंत कुणीतरी उत्तर देऊन टाकलेलं. मीच देऊन टाकलेलं.

कागदी पिशव्या करायच्या त्या कार्यशाळेत तू रोज जायचास. तिथं मी नसायचे. तुझ्या जाण्यानंतर तिथली एक बाई भेटायला आली होती. म्हणाली, “ओंकार फार बडबड्या होता हो आमचा. डबा खाताना तर थांबायचाच नाही.” आईला वाटलं, बिचारी समजूत घालायला सांगतेय. मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आता ते लिहिते. लिहायलाच हवं.

त्या सोमवारी सकाळी तू पोटावर हात ठेवून पलंगावर बसून होतास. कार्यशाळेला जायचा कंटाळा आला की तू असंच करायचास, म्हणून आधी मी हसले. दुपारी तू जेवलाही नाहीस, तेव्हा आई आणि मी तुला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. बाहेर रांग होती. डॉक्टरांनी विचारलं, “कुठं दुखतंय बाळा?” आणि दादा, त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी तू खालचा ओठ आत घेतला होतास. मी बघितलं. बघूनही मी म्हणाले, “पोट दुखतंय त्याचं. सकाळपासून पोट धरून बसलाय.”

त्यांनी तुझं पोट दाबून बघितलं, गोळ्या लिहून दिल्या. दोन मिनिटांत काम झालं.

येताना रिक्षात तू माझी ओढणी ओढलीस. “मुक्ता, इथं.” तुझा हात पोटावर नव्हता. वर होता, छातीवर. आणि मी काय केलं? तो हात खाली घेतला, माझ्या हातात धरला आणि म्हणाले, “हो रे राजा, गोळी घेतली की बरं वाटेल.” तू पुन्हा काही बोलला नाहीस.

बुधवारी रात्रभर तापानं फणफणलास. गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलात नेलं तोवर संसर्ग छातीभर पसरला होता. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “तीन-चार दिवस तरी दुखत असणार. काही सांगितलं नाही का त्यानं?” आई रडत म्हणाली, “त्याला सांगता यायचं नाही हो.” जन्मभर तुझ्या वतीनं बोलणारी मी तिथं उभी होते. तोंड उघडून ‘सांगितलं होतं’ एवढं म्हणायचं होतं. तेवढंच नाही बोलले.

शनिवारी तू गेलास.

सात महिने हे पोटात घेऊन फिरतेय. लोक येऊन सांगतात, “तू म्हणून सांभाळलंस त्याला.” असं वाटतं की किंचाळावं!

आणि तरीही मला हेच शिकायचंय, दादा. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असं वाटेल तुला. मलाही वाटायचं. फॉर्म देण्याआधी एका विशेष शाळेत आठ दिवस बसायचं, असा कॉलेजचा नियम आहे. म्हणून विश्रांतवाडीच्या शाळेत जाताना मनात म्हटलं, तिथं जमलं नाही तर सोडून देऊ. सुंठीवाचून खोकला जाईल.

तिथल्या केतकरबाई म्हणजे अस्सल पुणेरी! पहिल्याच दिवशी मी फॉर्मसाठी लिहिलेलं पान त्यांना दाखवलं. मी लिहिलं होतं, ‘भावामुळे मला विशेष मुलांच्या मनातलं न सांगता कळतं.’ बाईंनी वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

“न सांगता कळतं? वा! मग आपण शिकायला कशाला येताय? थेट शिकवायलाच लागा.”

ते पान मी फाडलं. ते चार वेळा लिहायला बसणं त्याच्या नंतरचं.

तिसऱ्या दिवशी सई नावाच्या पाच वर्षांच्या मुलीजवळ बसवलं मला. बाईंनी तिच्यापुढं दोन ठोकळे ठेवले. “सई, लाल हवा की निळा?” सई गप्प. मी लगेच, “तिला लाल हवाय. लालकडंच बघतेय ती.”

“आपण तिचे वकील का?” बाई म्हणाल्या. “दोन्ही हात मांडीखाली घ्या. मनात आकडे मोजा. वीस झाले तरी बोलायचं नाही.”

मी हात मांडीखाली घेऊन बसले. पाच, सहा, सात. अरे, किती लांब असतात ते आकडे! सईचे डोळे छताकडं गेले, बोटं फ्रॉकशी चाळा करत होती, आणि मला वाटत होतं की हिला काही कळलेलंच नाही, कुणीतरी सोडवा हिला. चौदा म्हटलं आणि सई म्हणाली, “नको.”

लालही नको, निळाही नको. तिला ठोकळेच नको होते!

केतकरबाई म्हणाल्या, “बरं. नको तर नको,” आणि ठोकळे उचलून ठेवले. बस, इतकंच. त्यांना ती रोजचीच गोष्ट. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. चौदा आकडे, दादा. त्या दवाखान्यात मी चौदा आकडे थांबले असते तर?

त्या दिवशी घरी आले. आई मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, ओठ, रिक्षा, तुझा हात, सगळं. आई मेथी निवडतच राहिली. मला वाटलं, आता ती उठेल, मारेल, निदान ओरडेल. या वेळी आकडे मोजले नाहीत, पण थांबले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “त्याच्या दुसऱ्या बाजूला मी बसले होते मुक्ता. त्याचा ओठ मलाही दिसला. तू बोललीस ते मला बरं वाटलं. रांग मोठी होती, लवकर सुटलो असं वाटलं मला.”

मग दोघी रडलो. मेथी तशीच राहिली. शेवटी आई पदरानं नाक पुसून म्हणाली, “जा, शिक. पण मला यानं बरं वाटलंय असं समजू नकोस.”

मी समजत नाहीये. मलाही बरं वाटलेलं नाही, आणि चार वर्षांनी पदवी मिळाल्यावर वाटेल असंही नाही. ती सई उद्या काही बोलली म्हणून तुझा हात तुझ्या छातीवर मला पुन्हा ठेवता येणार नाही.

काल जिन्यात सावंतकाकू भेटल्या. कॉलेजचं ऐकून त्यांचे डोळे भरले. “ओंकारला केवढा आनंद झाला असता गं!” त्यांचं प्रेमच ते. माझ्या जिभेवर ‘हो ना काकू’ आलंच होतं. तसंच गिळलं.

आनंद झाला असता तुला? की राग आला असता? की ‘नको’ म्हणाला असतास? मला माहीत नाही.

म्हणून तुला एकच वचन देते. फॉर्ममध्ये, मुलाखतीत, पुढं वर्गात उभी राहिल्यावर, कुठंही, तुझ्या वतीनं मी आता एक शब्द बोलणार नाही. तुला काय वाटलं असतं असं जो कुणी विचारेल, त्याला खरं तेच सांगेन. “दादाला विचारायचं राहून गेलं.”

तुझी,
मुक्ता