चार मशीनचा मालक

सोमवार, ४ मार्च
आज साहेबांनी जाहीर केलं. आमच्या नकाशांच्या ऑफिसात चार मशीनं, चार वेगळ्या कंपन्यांची, प्रत्येकाचे नखरे वेगळे. चारही मशीनवर एकच नवा शेल बसवायचा. सोर्स कोड आलाय, तो प्रत्येक मशीनवर जाऊन तिथेच कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनच्या भाषेत उतरवायचा. पंधरा तारखेला डेमो. ज्याचं काम चांगलं तो कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख, दुसरा त्याच्या हाताखाली. उमेदवार दोन, मी आणि वहीबाई. म्हणजे एकच.

वहीबाई म्हणजे शेजारच्या टेबलावरची बाई. शिंकली तरी वहीत लिहून ठेवेल. मी एकोणीस वर्षं या खुर्चीत आहे आणि कामाची एक ओळ लिहिलेली नाही. ही रोजनिशी वेगळी.

सायंकाळी ७
बायकोने विचारलं, शेल म्हणजे काय. सांगितलं, आपण हुकूम टाइप करायचा आणि तो मशीनकडून काम करून घेतो, असा प्रोग्राम. म्हणाली, घरी बसवता येईल का? विनोद जमत नाही, तरी करते.

मंगळवार, ५ मार्च
तळघरातल्या मोठ्या मशीनपासून सुरुवात. सोर्समध्ये 'रीडमी' म्हणून एक फाईल आहे. मला वाचा, मला वाचा. असल्या लाचारांना मी भीक घालत नाही.

११.१०. कॉन्फिगर चालवलं. हे मशीनला दीडशे प्रश्न विचारतं. तुझ्याकडे हे आहे का, ते आहे का. चौकशा फार.

११.४०. कंपाइल पडलं. कंपायलर भिकार आहे.

दुपारी १. पुन्हा पडलं. वहीबाई जाता जाता म्हणाली की एक लायब्ररी, म्हणजे शेलला लागणारी जोडफाईल, कमी दिसतेय, रीडमीत सुरुवातीलाच लिहिलंय. मी म्हटलं, माहीत आहे, मशीनची परीक्षा घेतोय. ती गेल्यावर लायब्ररी टाकली.

४.२०. झालं! पहिलं काम म्हणजे प्रॉम्प्ट, हुकमाच्या ओळीआधी येतो तो शब्द, बदलला. आधी तिथे मशीनचं नाव दिसायचं. माझ्या स्क्रीनवर मशीनचं नाव कशाला? आता तिथे लिहून येतं: मालक.

गुरुवार, ७ मार्च
वहीबाई छपाई विभागात काम करत होती. डोकावलो तर हद्द झाली. पहिला हुकूम काय, तर मशीनला त्याचं नाव विचारते! नाव आलं की वहीत लिहिते, मग पुढे. आपण कुठे बसलोय हे ज्याला मशीनला विचारावं लागतं त्याने घराबाहेर पडूच नये. दिवसभरात तिचं कंपाइल चार वेळा पडलं. मी हसू येऊ दिलं नाही. थोडं आलं.

सोमवार, ११ मार्च
सकाळी नकाशे विभाग. मशीन भिंतीपाशी, कीबोर्ड उंच स्टुलावर, बसायला काही नाही. ही काय काम करायची पद्धत झाली? टेबलावर दुसरा स्क्रीन होता आणि पुढे गादीची खुर्ची. अर्थात तिथे बसलो.

लॉगिन केलं आणि बघतो तर माझी फोल्डरं आधीच हजर! कॉपीसुद्धा करावी लागली नाही. गेल्या वर्षी ऑफिसचं नेटवर्क मी बसवलं, त्याचंच हे फळ. थेट कंपाइलचा हुकूम दिला. उत्तर आलं, करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. चार मिनिटांत मशीन सर. प्रॉम्प्ट: मालक.

३.३०. छपाई विभाग. इथेही टेबल-खुर्चीची उत्तम सोय. तीन मिनिटं. एकदा हात बसला की असं होतं. याच खोलीत वहीबाईने दोन दिवस घाम गाळला.

मंगळवार, १२ मार्च
प्रयोगशाळा. दोन मिनिटं. तिथल्या बाईंनी विचारलं, इतक्या लवकर कसं झालं? मी म्हटलं, मशीन माणूस ओळखतं.

बायकोला सांगितलं, प्रमुख झालो असं समज. तिने लगेच सासऱ्यांना फोन केला. लग्न झाल्यापासून ते माझ्या प्रमोशनची चौकशी करतायत. आता तोंड बंद होईल.

वहीबाई अजून तिसऱ्या मशीनवर अडकली आहे. मदत करावी असा उदार विचार मनात आला. जाऊ दिला.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी ३
साहेबांना चारही खोल्यांत फिरवून माझे स्क्रीन दाखवले. सगळीकडे 'मालक'. साहेब खूश. शेवटी नकाशे विभागात उभे होतो, तोच माझा स्क्रीन मेला. छपाईवाला धावत आला, तिथलाही गेला. प्रयोगशाळेतून फोन, तिथेही तेच. इलेक्ट्रिशियन तळघरातून वर आला, म्हणाला, मोठ्या मशीनचा पंखा बदलतोय, दहा मिनिटं बंद केलंय. मी त्याला झाप झाप झापलं. म्हटलं, अख्ख्या बिल्डिंगची वीज घालवलीस. तो छताकडे बघायला लागला. दिवे चालू होते.

वहीबाईचं भिंतीपाशचं मशीनही चालू होतं, तिचा शेल व्यवस्थित हुकूम ऐकत होता. तिने साहेबांना हळूच सांगितलं की टेबलांवरचे सगळे स्क्रीन तळघराच्या मशीनला जोडलेले आहेत, लोकांना मेल बघायला.

म्हणजे मी एकच मशीन चार वेळा जिंकलो.

वर म्हणाली, तळघरातलं काम मात्र यांनी चांगलं केलंय. त्यापेक्षा चारचौघांत शिवी घातली असती तर परवडलं असतं.

सोमवार, १८ मार्च, सकाळी ९.४०
ऑर्डर बोर्डावर लागली. वहीबाई प्रमुख. सासऱ्यांचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

१०.१५. निर्णय घेतला. चार दिवस या लोकांना तोंड दाखवायचं नाही. माझ्यावाचून कसं अडतं ते कळू दे. रजेचा अर्ज लिहिला. कारण: ताप.

१०.३०. रजेचे अर्ज आता कोणाकडे द्यायचे, ते विचारून आलो.

१०.३२. अर्ज फाडला. ताप उतरला आहे.