मेल्पोचा उपास

प्रिय ख्रिसांथी,

मेल्पो जेवली. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू जीव मुठीत न धरता वाचशील. आज सकाळी लिंबाच्या झाडाखाली तिने पिवळ्या फुलांसकट कडू पाला ओढून ओढून खाल्ला आणि मी तिथेच जमिनीवर बसून पाहत राहिले. तुझं कासव वाचलं, पोरी. माझ्या जिवात जीव आला.

झालं काय, की थंडीची झोप संपवून ती मातीतून वर आली ती नेमकी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. उपासात आपल्याकडे मांस-मासे बंद, म्हणून समुद्रातल्या माकल्या पालक घालून ठरलेल्या. मी त्या शिजवायचे आणि पालकाचे देठ, बाहेरची पानं तिच्यापुढे टाकायचे. गेला उन्हाळाभरही टोमॅटो, काकडी, उरलेसुरले चवळीचे दाणे, घरात जे असेल तेच तिला. मला वाटे, घर खातं ते तिनेही खावं. पण ती खाईना. पोट घासत चालू लागली आणि कवचाची कड बोटाने दाबली तर दबायला लागली. शेजारची स्तामाता कुंपणावरून म्हणाली, "अगं एव्दोकिया, आपले पाद्रीबाबासुद्धा इतका कडक उपास करत नाहीत. या बिचारीला थेट स्वर्गात धाडतेस की काय?" मला हसू आलं, पण भीतीही वाटली.

मग स्तामातालाच गाडी काढायला लावली आणि स्पार्टीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मेल्पोला सुई टोचली आणि मला समोर बसवलं. "मावशी, पालकात कॅल्शियम असतं, पण ते अंगी लागू न देणारंही त्यातच असतं. काकडी-टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी, आणि दाणे हिला फार जड. हिला रानातला कडू पाला द्या, रोज एकच नको, बदलून बदलून. आणि माकलीच्या पाठीतलं पांढरं हाड असतं ना, ते समोर ठेवा, कुरतडू दे." म्हणजे माकली साफ करताना मी मेल्पोच्या उपयोगाचं हाड कचऱ्यात टाकत होते आणि नको तो पालक तिला आग्रहाने वाढत होते. स्तामाता घर येईपर्यंत हसत होती.

कडू पाल्याला आपल्याकडे कधी तोटा नव्हता. तुझे बाबा ऑलिव्हच्या बागेतून येताना पिशवी भरून आणायचे, निम्मा मेल्पोपुढे आणि निम्मा माझ्या पातेल्यात. ते गेले आणि बागेकडे जायला माझे पायच वळेनात. आता रोज सुरी घेऊन जाते. एक दिवस निळ्या फुलांची कासनी, एक दिवस ती काटेरी पानांची भाजी. वाकताना गुडघे कुरकुर करतात, त्यांना करू दे.

खरं सांगू? दर रविवारी तू फोनवर मेल्पो कशी आहे विचारायचीस आणि ठेवायचीस, त्याचा मला राग यायचा. आईची चौकशी करायला पोरीला काय होतं? आणि मेल्पो खाईना तेव्हा माझी झोप उडाली ती याच भीतीने, की ती गेली तर ही पोर रविवारी फोन कशासाठी करेल. शेवटी परवाच्या रविवारी तुला ती आजारी असल्याचं सांगितलं. तू म्हणालीस, "आणि आई, तू? तू नीट जेवतेस ना?" मी फोन ठेवला, घाबरली असशील. राग नव्हता गं, रडू आलं होतं. बोलताना पुन्हा येईल, म्हणून उत्तर लिहून पाठवते. नव्हते जेवत. सवयीने शिजवायचे आणि स्तामाताच्या कोंबड्यांना घालायचे. आज मात्र टेबलाशी बसून जेवले, दोनदा वाढून घेतलं. या रविवारी फोन कर. आधी माझी खबर ऐकायची, मेल्पोची नंतर.

तुझीच,
आई