अव्राहामचा उंदीर झाला त्याची हकीकत

ती. सुल्तानाताईस,

किर्यात गातहून तुझ्या धाकट्या भावाने तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेतले असे समज. गुडघा कसा आहे? (मेथीचा लेप लाव, डॉक्टरला सांगू नकोस.) मेव्हण्यांचा खोकला, गच्चीतला पुदिना, सगळं ठीक असेलच. माझी प्रकृती उत्तम आहे. नाव तेवढं गेलं.

झालं असं की आमच्या मेइरला मुलगा झाला. पहिला नातू! आपल्यात पहिल्या नातवाला जिवंत आजोबाचं नाव ठेवतात आणि आजोबा त्या आनंदात आणखी वीस वर्षं काढतो. मी जन्मभर याचीच वाट पाहिली. (बरं, लग्न झाल्यापासून.) पण व्याहीणबाई, फ्रीडाबाई, पडल्या पोलंडकडच्या यहुदी. त्यांच्यात फक्त मेलेल्यांची नावं ठेवतात. त्यांनी कपाळावर हात मारला, "व्याहीबुवा, नातवाला तुमचं नाव हवंय ना? मग आधी मरा तरी!" सून तिर्झा रडायला लागली, बाळ रडायला लागलं, आणि मेइर कचरा टाकून येतो म्हणून गेला तो तासाभराने उगवला.

म्हटलं, थांबा, माझं अव्राहाम हे नाव पूर्वीपासून आजोबाकडून नातवाकडे जात आलंय याचा पुरावाच आणतो. निवृत्तीनंतर मी टेकाडावरच्या उत्खननात खापरं धुतो, चाळणी धरतो, हे तुला ठाऊक आहेच. तिथल्या प्रमुख नोगाबाईंना म्हटलं, अव्राहाम नाव कोरलेलं एखादं खापर द्या, दोन दिवसांत परत करतो. त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, "आजोबा, बायबलातल्या राजांच्या काळातले इतके शिक्के वाचले मी, एकावर अव्राहाम दिसला नाही. मूळपुरुषांची नावं पोरांना ठेवायची छातीच होत नसावी त्यांची." मग ठेवायचे तरी काय? ताई, बसून वाच: कोणी पिसू, कोणी ससा, कोणी उंदीर! त्याच सकाळी माझ्या चाळणीत नखाएवढा मातीचा ठसा आला होता, त्यावरही अखबोर. म्हणजे उंदीरच की! हा मनुष्य मोठा अधिकारी होता म्हणे.

बसमध्ये माझं डोकं चाललं. (चालायला नको होतं.) आजाऱ्याचं नाव बदलून आपण मृत्युदूताला चकवतो, तर फ्रीडाबाईंना का नाही? मी अव्राहाम राहिलोच नाही, तर बाळाला जिवंताचं नाव ठेवल्याचा दोष कुठे उरतो? शनिवारी प्रार्थनेनंतर आपले धर्मगुरू हाखाम निस्सीम यांना गाठलं आणि तब्येत बरी नाही अशी थाप मारली. बिचारे हळहळले आणि सर्वांदेखत माझं नाव बदललं. अखबोर. (ऐन वेळी दुसरं सुचेना.) फ्रीडाबाईंनी सगळा हिशेब दोनदा बोटांवर मोजून पाहिला. शेवटी म्हणाल्या, बरं, केक मी आणते.

आठव्या दिवशी सुंता. बाळ माझ्या मांडीवर, माझे डोळे भरलेले. हाखामांनी मेइरला विचारलं, नाव काय ठेवायचं? मेइर रुमालासाठी खिसे चाचपत राहिला. "अरे, यात विचारायचं काय!" हाखाम म्हणाले. "पहिला नातू, आजोबाचंच नाव." आणि द्राक्षारसाचा पेला उचलून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "इस्राएलात याचं नाव असो अखबोर, मेइरचा मुलगा!" आपल्या बायकांनी जिभा हलवून आनंदाचा कल्लोळ केला. फ्रीडाबाई केक हातात घेऊन तशाच उभ्या. जिवंत माणसाचं नाव, वर तेही उंदराचं! हाखामांना काय बोलणार? रीतीने पाहता त्यांचं एक अक्षर चुकलेलं नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
अखबोर (शुक्रवारपर्यंतचा अव्राहाम)

ता. क. खरं काम राहिलंच. मेव्हणे रब्बींच्या न्यायालयात बसतात. बाळाच्या नावाची सरकारी नोंद पुढच्या गुरुवारी आहे, त्याआधी आम्हा दोघांची नावं गुपचूप बदलून मिळतील का, विचार. तिर्झा बाळंतपणाला आमच्याकडेच आहे आणि तीन दिवस माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. आत्ता आतून तिर्झाची हाक आली, "अखबोर, उठलास का रे माझ्या राजा?" आणि मी स्वयंपाकघरातून "ओ" दिली! पोरगी हसून हसून पलंगावर आडवी झाली. लेकीसाठी स्वयंपाकाला आलेल्या फ्रीडाबाईसुद्धा हसल्या, चुलीवरचं करपेपर्यंत. मग तिर्झाने बाळ आणून माझ्या हातात दिलं, म्हणाली, "घ्या, दोन्ही अखबोर एकाच जागी बसा." ताई, आमचं नाव एक आहे गं. मेव्हण्यांना काही विचारू नकोस.