अभयचं लिव्हर, आईंचे डबे

३ फेब्रुवारी, सोमवार

कॅन्सर! अभयच्या लिव्हरमध्ये!

डॉक्टरांचा पहिला प्रश्न — किती पिता? अभयने नुसती नकारार्थी मान हलवली. माझा नवरा चाळिशीला आला, थेंबाला शिवला नाही. दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो आणि तसाच वागतो. माझं डोकंच चालेनासं झालंय.

५ फेब्रुवारी

चाळीत कुजबुज सुरू. शेजारच्या लक्ष्मीने नळावर तोंडावरच विचारलं, कधीपासून घेतात गं? असली तळपायाची आग मस्तकात गेली! बादली तिथेच आपटून आले.

८ फेब्रुवारी, शनिवार

दारू नाहीच. बी प्रकारची कावीळ! लहानपणीच रक्तात शिरली, इतकी वर्षं गप्प बसली आणि आतल्या आत लिव्हर खाल्लं. डॉक्टर म्हणाले, जन्मताना आईकडून आली असेल, नाहीतर घरात सगळ्यांना एकच ब्लेड, त्यातून. एवढीशी खोली, बाप आणि तीन भाऊ, वस्तरा एक — कुणाला काय ठाऊक? लसीचं तर तेव्हा नावही इथे कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या मनवाला जन्मल्या जन्मल्या टोचली होती. पोरगी वाचली. हॉस्पिटलच्या जिन्यातच रडले मी.

बाकी सगळ्यांचं रक्त तपासायला दिलंय.

११ फेब्रुवारी

माझा रिपोर्ट चांगला. सासूबाईंचा पॉझिटिव्ह! ज्यांना कधी साधी सर्दी झाली नाही, त्यांचा!

"माझ्याकडनंच गेलं ना त्याला?" आईंनी एवढंच विचारलं.

डॉक्टरांनी बजावलंय, जेवणातून हे पसरत नाही, बिनधास्त पोळ्या लाटा. मला पटलं. चाळीला कोण पटवणार? अभय कामावर जात नाही, घर आईंच्या जेवणाच्या डब्यांवर चाललंय. अर्धे डबे चाळीत, अर्धे हिंदमाता मार्केटच्या साडीवाल्यांकडे. डबेवाल्या कमलाबाईंच्या, म्हणजे आईंच्याच, रक्तात कावीळ आहे म्हटल्यावर कोण खाईल? भीती वाटते. अभयपाशी हे सगळं बोलून टाकलं.

१३ फेब्रुवारी

विहाराचं काम बघणारे भिवाकाका सकाळी विचारपूस करायला आले. गॅलरीत अर्धी चाळ उभी, लक्ष्मी सगळ्यांत पुढे. काका म्हणाले, अरे, हे झालं कशाने?

अभय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "प्यायचो मी, काका. चोरून."

आत आईंचं लाटणं थांबलं. मी तोंड उघडलं, तर त्याने माझा हात घट्ट धरला.

डबे वेळेवर गेले.