आत्याबाई, तुम्ही बोट धुवायला सांगितलं होतं

आत्याबाई, हे तुम्हालाच सांगतेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. सासू-सुनेचं तेवढं एकच जमलं. लिहून घेतेय ती माझी नातसून. आठवा महिना लागलाय तिला, वही पोटावर टेकवून बसलीय. टेबल फुकटात मिळालं, म्हटलं मी तिला. हसली नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या ओठावर जर फुटला. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात ना, तेच. मी म्हटलं, चुन्याचं बोट लाव. नातू मेडिकलमधून कसलीशी ट्यूब घेऊन आला. तिनं दोघांचं ऐकलं नाही, पांडेसऱ्याच्या गुजराती डॉक्टरीणबाईकडे गेली आणि मलाही सोबत नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "बा, चुना भिंतीला लावा. आणि पोटुशीला काय लावायचं ते दुकानदाराला नाही, मला विचारायचं." मग तिनं स्वतः मलम लिहून दिलं. फोडाला हात लावू नको, लागला तर साबणानं धू, टॉवेल वेगळा ठेव, असं सांगितलं. आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलंय की आधीही यायचं?" नातसून म्हणाली, लहानपणापासून दर उन्हाळ्यात येतं. "मग घाबरू नको. तुझं अंग याला ओळखतं, बाळालाही ते थोडं राखतं. शेवटच्या महिन्यात पहिल्यांदा आलं असतं तर मला जास्त बघावं लागलं असतं. पण बाळ झाल्यावर ज्याच्या ओठावर फोड, त्याने पप्पी नै लेवानी, बा. आईनंसुद्धा नाही. तोंडात घातलेलं बोटही लावायचं नाही. एवढ्याशा जिवाला ते झेपत नाही. बाळानं दूध सोडलं, गळून गेलं, तर तसंच उचलून आणायचं."

मी पदर तोंडाशी धरून ऐकत होते, आत्याबाई, आणि माझ्या डोळ्यांपुढे आपली बमरोलीची खोली उभी राहिली.

नववा महिना सरत आलाय. मला ताप येतो आणि ओठ फुटतो, जन्मात पहिल्यांदा. तुमचा लेक चिडवतो, आरसा बघू नकोस, आरसा घाबरेल. चार दिवसांनी पोरगी होते. तुम्ही तिला न्हाऊ घालता, धुरी देता, दिव्यावर धरलेलं काजळ माझ्यापुढे ठेवता. मी बोट तोंडात ओलं करते, काजळात फिरवते आणि तिच्या डोळ्यांत घालते. माझी आई असंच घालायची. तुम्ही म्हणता, "उष्टं बोट नको लावू व माय, धुऊन ये." मी म्हणते, आईचं कधी उष्टं असतं का? सासूचं ऐकायचं नाही, एवढं मी माहेराहून शिकून आले होते. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही.

नवव्या दिवशी तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक फोड दिसले. तिनं दूध सोडलं, नुसती झोपून राहायला लागली. आपल्याला वाटलं, शांत पोर आहे. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं; ती अकराव्यालाच गेली. नाव ठेवायचं राहिलं.

आणि मी सगळ्या चाळीसमोर म्हणाले, हिच्या नजरेनं खाल्ली माझी लेक. तुम्ही भांडला नाहीत. नात तुमचीही गेली होती; एवढंच म्हणालात, "मनीबी नात व्हती ती, व माय."

पुढे दोन मुलगे झाले. दोघांनाही मी तुमच्या मांडीवर दिलं नाही. तुम्ही दारात बसून मिलच्या साड्यांचे धागे कापायच्या. पाळण्याची दोरी तेवढी तुमच्या हातात, लांबून. धाकटा रांगत तुमच्याकडे निघाला की तुम्हीच कात्री ठेवायच्या आणि उठून बाहेर जायच्या, मला बोलायला जागा नको म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा तो पाच वर्षांचा होता. तुमच्या अंगाला कसला वास यायचा, हे त्याला माहीत नाही.

डॉक्टरीणबाईला मी विचारलं, आमच्या गल्लीतल्या एका बाईचं असं असं झालं होतं, ते हेच का? तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाली, "इतक्या वर्षांनी कोण सांगणार, बा. असूही शकतं." तिच्या आवाजावरून कळलं, गल्लीतली बाई कोण ते तिला कळलंय.

नातसुनेचं पेन थांबलंय. विचारते, "आजी, हे पण लिहू?" लिही म्हटलं. तुझं बाळ आलं की मला पहिल्यांदा हात धुवायला लाव, आणि मी तोंड वेडंवाकडं केलं तरी लाव. ती विचारते, लिहून झाल्यावर हे कुठे टाकायचं? कुठे टाकणार बाई, माझ्या पेटीत ठेव.

एकच राहिलं, आत्याबाई. तुमचा लेक जाईपर्यंत आपल्या आईची नजर वाईट होती असंच मानत राहिला, आणि मी त्याला मानू दिलं. मी स्वतः ते कधीच मानलं नव्हतं. त्या दिवशी कुणाला तरी बोल लावायचा होता, आणि समोर तुम्ही होतात.