टॉप गियरमधली थरथर

१२ सप्टेंबर २००६
गाडी घेतली. सेकंडहँड, पण पांढरी. मोताळ्यात बी-बियाण्यांची दुकानं बरीच आहेत, पण गाडीवाला दुकानदार आता मी एकटा. एकच खोड: ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन थरथरतं. किरकोळ आहे. ज्याला पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, दुखणं पानावरून कळतं, त्याला इंजिनाचं आवाजावरून कळणारच. आठवडाभरात स्वतः काढतो.

१४ सप्टेंबर
माझी पद्धत: पहिल्या गियरवर गाडी हलली की थेट चौथा. मधले गियर फुकट पेट्रोल पितात. बायकोला, सिंधूला, बाजारापर्यंत नेलं. म्हणाली, "अवो, सायकलवाला पुढं गेला ना!" हिला स्पीड दिसतो, मायलेज दिसत नाही. थरथर चालूच. निदान: पेट्रोलमध्ये पाणी.

१७ सप्टेंबर
टाकी रिकामी केली. पाणी नव्हतं. आता पेट्रोलही नाही.

२० सप्टेंबर
पुंजाजी आला. शाळेपासूनचा दोस्त, भर दुकानात मला नावानं हाक मारणारा एकटाच. त्याच्या शब्दावर त्याच्या अख्ख्या गावानं माझ्या दुकानातलं बीटी बियाणं नेलं. काउंटरवर लाल पडलेली पऱ्हाटी आपटली. "बे भगवंता, सारं वावर लाल होऊन राह्यलं. काऊन?"
लांबूनच सांगितलं: मॅग्नेशियम कमी. म्हणाला, दोनदा फवारलं. मी म्हटलं, मग तिसऱ्यांदा फवार. कीड आहे का, विचारत होता. बीटीवर कीड! हसलो.

२५ सप्टेंबर
शकूर मेकॅनिककडे गेलो. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, इंजिनाखालची रबरं बदलली, तरी त्यालाही नेमकं काही सापडलं नाही. शेवटी चक्कर मारून आला आणि म्हणाला, "काका, मले तं थरथर जाणवलीच नाही." कशी जाणवेल? अंगानं काडी. माझ्या वजनानं गाडी उजवीकडे कलते, हे उघड आहे.

२६ सप्टेंबर
डाव्या सीटवर युरियाचं पोतं ठेवलं. बॅलन्स परफेक्ट. थरथर दुप्पट. पोतं फुटलं. ठराव: उद्यापासून भात बंद.

२ ऑक्टोबर
भात अजून चालू आहे. एकदम सोडणं तब्येतीला बरं नव्हे.
पुंजाजी परत आला. या वेळी आवाज चढवला नाही, खुर्चीवर बसून टोपी काढली. मग म्हणाला, "वावर गेलं तं गेलं. पण माह्या भरोशावर साऱ्या गावानं हे बियाणं पेरलं. आता लोकं मले पाहून रस्ता बदलून राह्यले."
त्याला चहा पाजला. वर शब्द दिला: दहा तारखेला बुलढाण्याला कापूसतज्ज्ञ येताहेत, तुझी झाडं माझ्या गाडीतून नेऊ. सिंधू म्हणाली, एस्टीनं जा. दुर्लक्ष केलं.

१० ऑक्टोबर, रात्री
सकाळी निघालो. मी, शेजारी पुंजाजी, मागे सिंधू आणि मुळासकट उपटलेली पऱ्हाटी. राजूरच्या घाटापर्यंत फर्स्ट क्लास. चढ लागताच थरथर सुरू झाली, पुंजाजीची टोपी नाकावर आली, गाडी बंद पडली आणि मागे सरकू लागली. सिंधूनं हँडब्रेक ओढला. पुंजाजीनं उडी मारून चाकाखाली दगड लावला आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला. म्हणाला, "भगवंता, मले मराची घाई नाही ना बे!"
मग सिंधू म्हणाली, "उतरा." तिनं मेहकरला माहेरी ट्रॅक्टर चालवला आहे. मी म्हटलं, ट्रॅक्टर वेगळा. ती म्हणाली, "गियर तेच असतात." पहिला, दुसरा, मग पुन्हा पहिला, असे वाट्टेल तसे गियर टाकत तिनं गाडी वर नेली. एकदाही थरथरली नाही. इंजिन तोवर माझ्या हातानं गरम झालं होतं, हे तिला समजावून सांगितलं. तिनं पुढचा गियर टाकला.
बुलढाण्याला तज्ज्ञ साहेबांपुढे झाडं ठेवली. साहेब म्हणाले, "पानं कुठं आहेत?" काही थरथरीत गळली होती. उरलेल्यांवर मी घाटापासून मागे बसून आलो होतो.
पुंजाजी माझ्याकडे बघेना. साहेबांना त्याची दया आली असावी. म्हणाले, परवा वावरातच येतो, पण जीप दुरुस्तीला आहे. पुंजाजी झटकन म्हणाला, "गाडी आहे ना साहेब. वहिनी आणतीन तुमाले." माझं नाव घाईत राहून गेलं.

१२ ऑक्टोबर
सिंधू साहेबांना घेऊन वावरात गेली. त्यांचे दोन मदतनीस आणि पुंजाजी असल्यामुळे मला जागा नव्हती. दुकान सांभाळलं.
संध्याकाळी सगळं कळलं. साहेबांनी पान उलटं केलं. खाली तुडतुडे, रस शोषणारी कीड. बीटी बोंडअळीला आवरतं, तुडतुड्यांना नाही. माझी फवारणी बंद करायला सांगितली, वेगळी लिहून दिली. अर्धंअधिक वावर वाचेल, गावातलं बाकीचंही. पुंजाजी बांधावर लहान पोरासारखा रडला म्हणे. मलाही बरं वाटलं. निदानाची दिशा माझीच होती, फक्त पानाची बाजू चुकली.

१५ ऑक्टोबर
सकाळपासून पुंजाजीच्या गावचे सात-आठ जण दुकानात येऊन गेले. सगळे एकच विचारत होते, "वहिनी हायेत का?" मी आहे म्हटलं तर, मग येतो म्हणाले.
दुपारी सिंधूनं गाडी काढली. मी मागच्या सीटवर बसलो. पूर्ण रस्ता शांत. दोष अखेर सापडला: पुढच्या उजव्या सीटमध्ये होता. म्हटलं, शकूरला सांगून ती बदलून घेऊ.
सिंधू म्हणाली, "बदलून झालं."